डॅन्यूबच्या काठी ‘काय म्हणाले?’

बासष्टाव्या वर्षी मी सायकलवरून परदेश पाहायला निघाले आहे, ही बातमी आमच्या सोसायटीत पसरली तेव्हा बहुतेकांना ती थापच वाटली. तळमजल्यावरच्या काकूंनी तर आमच्या ह्यांना जिन्यात गाठून, "घरात काही कुरबुर नाही ना?" अशी हलक्या आवाजात चौकशीही केली. हे म्हणाले, "कुरबुर कसली? माझे गुडघे नाही म्हणतात, तिचे हो म्हणतात. एवढाच काय तो मतभेद."

वास्तविक यात नवल करण्यासारखे काही नव्हते. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत त्या काळात मी पुण्यात वाढले. १९८० साली कॉलेजात गेले ती लेडीज सायकलवरून. दिव्याशिवाय सायकल चालवली म्हणून पोलिसाने अडवलेल्या आणि मैत्रिणीला डबलसीट घेतली म्हणून चाकातली हवा सोडली गेलेल्या पिढीतली मी. लग्नानंतर सायकल जिन्याखाली गेली, तिथून भंगारात गेली, दारात स्कूटर आली आणि बँकेतली छत्तीस वर्षे त्या स्कूटरवर सरली. २०२३ साली निवृत्त झाले आणि पहिल्या पेन्शनमधून पुन्हा सायकल घेतली.

आमचा थोरला मुलगा म्युनिकला नोकरीस आहे. सूनबाई कोइमतूरची, तीही तिथेच नोकरी करते. २०२५ च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे जाणार असे ठरले तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, डॅन्यूब नदीच्या काठाने पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत सायकलचा रस्ता आहे. तीनशे किलोमीटरच्या आसपास. जवळजवळ सगळा सपाट. सामान मोटारीतून पुढे जातं. सात दिवसांत सावकाश पोहोचतात. आपण दोघं जाऊ."

मी आनंदाने होकार दिला. निघायला तीन दिवस उरले असताना त्याच्या ऑफिसात काही महत्त्वाचे काम उपटले. "आई, तू एकटी जा. पैसे भरून झालेत." पैसे भरून झालेत म्हटल्यावर मध्यमवर्गीय माणसाला दुसरा मार्ग उरत नाही. आमच्या सहलीत चौदा माणसे होती आणि चौदाही जर्मन बोलणारी. पंधरावी मी.

म्युनिकच्या स्टेशनवर सूनबाईने माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. देवनागरीत लिहिलेली पाच जर्मन वाक्ये. पाणी हवे आहे. मी मांस खात नाही. बायकांची जागा कुठे आहे? आभारी आहे. आणि पाचवे वाक्य होते, ‘वास हाट एअर गेझाग्ट?’ म्हणजे, तो काय म्हणाला? त्याच्याखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या.

मी म्हटले, "हे कशाला? तो काय म्हणाला असं विचारलं तरी उत्तर कुठे कळणार आहे मला?"

ती हसली. "आई, तेच सगळ्यात जास्त लागेल," एवढेच म्हणाली, आणि गाडी सुटली.

खांब आणि खांबाचे नाव

पासाऊ हे जर्मनीच्या अगदी टोकाचे गाव. तिथे तीन नद्या एकत्र येतात. डॅन्यूब, आल्प्समधून आलेली फिकट हिरवी इन आणि दलदलीच्या प्रदेशातून आलेली काळसर इल्त्स. टेकडीवरून पाहिले तर तीन रंगांचे पाणी शेजारी शेजारी वाहताना दिसते. नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत. २०१३ सालच्या जूनमध्ये इथे पाणी जवळजवळ तेरा मीटर चढले होते. पाचशे वर्षांत तसा पूर आला नव्हता. पानशेतच्या पुराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पुणेकरणीला त्या भिंतीपुढे बराच वेळ उभे राहावेसे वाटले, यात आश्चर्य नाही.

डॅन्यूबची आणखी एक गंमत. पुष्कळ नद्या उगमाकडून मोजतात, ही मुखापासून मोजतात. काठावर जहाजांसाठी किलोमीटरच्या पाट्या आहेत. पासाऊला आकडा २२२५ च्या आसपास असतो, म्हणजे काळा समुद्र अजून तितके किलोमीटर दूर. आपण प्रवाहाबरोबर जाऊ लागलो की आकडे उतरत जातात. बँकेतल्या माणसाला शिल्लक कमी होताना पाहून प्रथमच आनंद झाला.

या रस्त्याचा बराच भाग म्हणजे जुनी ओढवाट आहे. आगबोटी येण्यापूर्वी नावा प्रवाहाविरुद्ध वर न्यायच्या तर काठावरून घोडे त्यांना दोराने ओढत. घोडे गेले, वाट राहिली. आता तिच्यावरून निवृत्त माणसे सायकली चालवतात.

मला दिलेल्या सायकलीला एक खोड होती. पायडल उलटे फिरवले की ती जागच्या जागी थांबे. तिकडे तोच ब्रेक! आपल्याकडे उतारावर पाय मोकळे करायला पायडल मागे फिरवायची सवय. त्यामुळे पहिल्या तासात मी विनाकारण चार वेळा थांबले आणि माझ्यामागच्या मिशीवाल्या गृहस्थांना चार वेळा थांबवले. ते दर वेळी काहीतरी म्हणत. शब्द कळत नव्हते, पण अर्थ कळत होता.

गटाने सायकल चालवण्याचाही एक शिरस्ता असतो. पुढच्याला वाटेत काही अडचण दिसली की तो ओरडून सांगतो, त्याच्या मागचा तोच शब्द मागे पोहोचवतो, आणि असा तो शेपटापर्यंत जातो. मी रांगेत नववी. पुढून ‘पोलर!’ असा पुकारा आला. मीही इमानेइतबारे ‘पोलर!’ म्हणून मागे ओरडले आणि दुसऱ्याच क्षणी रस्त्याच्या मधोमध रोवलेल्या खांबाला घसटून गवतात पडले. मोटारी आत शिरू नयेत म्हणून जे खांब रोवतात त्यांना तिकडे पोलर म्हणतात, हे ज्ञान मला गवतात बसून झाले. गंमत अशी की माझ्या मागच्या सहाही जणांनी तो खांब बरोबर चुकवला. माझ्याच पुकाऱ्याने ते वाचले, पडले फक्त मी.

"काही नाही, असंच"

आमचा पहिला मुक्काम श्लोगेनला होता. तिथे डोंगराने अडवल्यामुळे नदी पूर्ण उलटी वळते आणि आली त्या दिशेला तोंड करून वाहू लागते. ते वळण पाहत पाहत सगळे जेवायला बसले. जुलैत तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

माणसे फार चांगली होती, हे आधी सांगून टाकते. ज्यांना इंग्रजी येत होते त्यांनी आवर्जून माझ्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. पुण्याची लोकसंख्या किती, मला मुले किती, भारतात पाऊस केव्हा पडतो. सूप संपेपर्यंत हे टिकले. मग कुणीतरी जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले, दुसऱ्याने त्याला उत्तर दिले, तिसरा हसला आणि पाहता पाहता सारे टेबल आपल्या भाषेत घसरले. दिवसभर दमलेला माणूस शेवटी आपल्याच भाषेत पाय पसरतो. त्यात कुणाचा दोष नव्हता.

मुलाने फोनमध्ये भाषांतराची सोय करून दिली होती. पदार्थांची यादी तिने उत्तम वाचून दाखवली. पण चौदा माणसे एकदम बोलू लागली की ती बिचारी गांगरून जाई. एका विनोदाचे भाषांतर तिने ‘मेव्हण्याची शिडी पाण्यात विवाहित आहे’ असे केले. मी फोन पिशवीत टाकला. त्यानंतर सगळे हसले की मीही हसत होते. अर्धा क्षण उशिरा.

दुसऱ्या दिवशी एफर्डिंग नावाच्या गावी आमच्या वाटाड्याने चौकात सगळ्यांना उभे करून एक लांबलचक गोष्ट सांगितली. मधेच त्याने हातातला पंप तिरका धरून हवेत खुपसला. मंडळी पोट धरून हसली. मला राहवले नाही. शेजारच्या बाईंना मी इंग्रजीत विचारले, "काय म्हणाले?" त्यांनी डोळे पुसत पुसत सांगितले, "एका पिंपाची गोष्ट. विशेष काही नाही." आणि हात हवेत असा हलवला.

तो हात पाहून मी चमकले. तो हात मला ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते काही आठवेना.

दुपारी आम्ही ओटेन्सहाइमची नाव घेतली. या नावेला यंत्र नाही. नदीवर आडवी तार बांधली आहे, तिला नाव जोडलेली आहे, आणि सुकाणू वळवले की नदीचा प्रवाहच तिला ढकलून पलीकडे नेतो. आवाज नाही, धूर नाही. असे काही पाहिले की माणसाला शेजारच्याला सांगावेसे वाटते, "अहो, पाहिलंत का?" मी मान वळवली. सगळे आपापसात बोलत होते. मी परत पाण्याकडे पाहू लागले आणि त्या शांततेत मला आठवले की तो हात माझाच होता.

२०१६ साली लग्न होऊन सूनबाई आमच्या घरी आली. म्युनिकला जाण्यापूर्वी दोन वर्षे ती आमच्याकडे होती. आमचे घर बोलके. रात्रीच्या जेवणाला हे, मी, दोन्ही मुले आणि बहुधा एखादे पाहुणे. सुरुवातीला तिच्यासाठी दोन वाक्ये हिंदीत, दोन इंग्रजीत. आमटी वाढून होईपर्यंत हे टिके. मग आम्ही मराठीत घसरत असू. आमचे विनोद म्हणजे कुणाच्या तरी काकांची नक्कल, नाहीतर चाळीस वर्षांपूर्वीची एखादी फजिती. ते मराठी येणाऱ्यालाही समजावून सांगावे लागतील असे. सगळे हसले की ती विचारी, "काय म्हणाले?" तिने शिकलेले पहिले मराठी वाक्य ते. आणि मी हात हवेत हलवून म्हणत असे, "काही नाही गं, असंच."

धाकट्याने तर तिचे नावच ‘कायम्हणाले वहिनी’ पाडले. प्रेमाने पाडले. आम्ही सगळे हसलो. तीही हसली. त्यानंतर तिने विचारणे सोडले, हे माझ्या तेव्हा ध्यानातही आले नाही. उलट मी मैत्रिणींना कौतुकाने सांगे, "आमची सून मितभाषी आहे हो. आणि इतकी कामसू, जेवताना गरम पोळ्या आणायला स्वतः उठून आत जाते."

त्या रात्री लिंत्सच्या मुक्कामी झोप येते आहे असे सांगून मी टेबलावरून सर्वांच्या आधी उठले. माझ्यामागे ते म्हणाले असतील, भारतीय बाई मितभाषी दिसतात. मी मितभाषी! हे आमच्या बँकेत कळले असते तर त्यांनी सुट्टी जाहीर केली असती.

एकशे शहाऐंशी पायऱ्या

लिंत्सच्या पुढे माउटहाउझेन लागते. नदीकाठी लहानसे गाव आणि वर डोंगरावर नाझींची छळछावणी. रस्ता चढाचा, म्हणून सायकली हातात धरून आम्ही वर गेलो. खाली उतरणाऱ्या दगडाच्या खाणीपाशी वाटाड्या बराच वेळ बोलला. या वेळी त्याने हातवारे केले नाहीत. कुणी हसले नाही. फोटोसुद्धा कुणी काढला नाही. तीन दिवसांत प्रथमच सगळे टेबल माझ्यासारखे गप्प होते.

गटात ड्रेस्डेनकडच्या एक आजीबाई होत्या. वय चौऱ्याहत्तर. पूर्वीच्या पूर्व जर्मनीत वाढलेल्या, त्यामुळे शाळेत परकी भाषा शिकल्या ती रशियन. इंग्रजीचा गंधही नाही. आमचे बोलणे ‘गुटेन मॉर्गेन’च्या पुढे गेले नव्हते. खाणीच्या कडेला त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मी पिशवीतून चिठ्ठी काढली आणि पाचवे वाक्य वाचून दाखवले. ‘वास हाट एअर गेझाग्ट?’

त्यांनी हात हलवला नाही. इकडेतिकडे पाहून एक कठडा शोधला, मला शेजारी बसवले, माझ्याच चिठ्ठीची कोरी बाजू मांडीवर पसरली आणि पेन्सिलीने आकडे लिहू लागल्या. १९३८. मग एक रेघ ओढून १९४५. मग एक लाख नव्वद हजार, आणि त्यापुढे माणसांच्या लहान लहान आकृती. मग नव्वद हजार, आणि आकृतींवर काट. मग १८६ हा आकडा आणि त्याच्या शेजारी जिना, जिन्यावर पाठीवर धोंडा घेतलेला माणूस.

आकडे आम्हा दोघींनाही वाचता येत होते. १९३८ ते १९४५ या काळात या छावणीत आणि तिच्या शाखांत सुमारे १ लाख ९० हजार माणसे आणली गेली. त्यांपैकी किमान ९० हजार मेली. खाणीतून वर यायच्या त्या १८६ पायऱ्यांवरून कैद्यांना ग्रॅनाइटचे धोंडे वाहायला लावत. ५ मे १९४५ रोजी अमेरिकन सैन्य पोहोचले. आवारात निरनिराळ्या देशांनी उभारलेली स्मारके आहेत, प्रत्येकावर आपापली भाषा. इतक्या भाषा बोलणारी माणसे तिथे होती आणि हुकूम मात्र एकाच भाषेत. तो ज्याला कळला नाही त्याला मार पडे.

डोंगर उतरताना आजीबाईंनी काही वेळ माझ्या मनगटावर हात ठेवला होता. आम्ही बोललो नाही. बोलण्यासारखे त्यांच्या भाषेत काही नव्हते, माझ्याही नव्हते.

शिळा विनोद

त्या संध्याकाळपासून आजीबाईंनी मला आपल्या पदरी घेतले. जेवताना त्या माझ्या शेजारी बसत. सगळे हसले की माझ्या मनगटावर बोटे टेकवून ‘थांब’ अशी खूण करीत, घास गिळीत, आणि मग तो विनोद हातवाऱ्यांनी, चित्रांनी, गरज पडल्यास उभे राहून मला सांगत. ग्राइन गावी एक १७९१ सालचे नाट्यगृह आहे. त्यातल्या खुर्च्या दुमडून कुलूप लावता येते, म्हणजे आपल्या खुर्चीवर दुसरा बसायला नको. ते आजीबाईंनी खुर्चीवर बसून, किल्ली फिरवून, नाक वर करून मला दाखवले.

तिथेच त्यांनी कागदी रुमालावर एक पिंप काढले, त्यात एक तिरकी काठी काढली, आणि आदल्या दिवशीची एफर्डिंगची गोष्ट मला एकदाची कळली. ग्रहांचे नियम शोधणारा केप्लर १६१२ ते १६२६ या काळात लिंत्सला राहत असे. १६१३ साली त्याचे दुसरे लग्न एफर्डिंगला झाले. घरासाठी द्राक्षमद्याची पिंपे घेतली तर व्यापारी आला, एकच काठी पिंपात तिरकी खुपसली आणि तेवढ्यावरून आत किती माल आहे ते सांगून पैसे मागू लागला. नवरदेवाला हा हिशेब पटेना. त्याने पिंपांचे घनफळ कसे काढावे यावर १६१५ साली पुस्तकच लिहिले! बँकेतली बाई मी, बिल तपासणारा असा नवरा मला मनापासून आवडला. मी एक दिवस उशिरा, एकटीच, खदखदून हसले. सगळे टेबल माझ्याकडे पाहू लागले. आजीबाईंनी खुलासा केला तेव्हा चौदाजणांनी टाळ्या वाजवल्या. शिळा विनोद गरम करून वाढला तर ताज्याहून गोड लागतो.

मेल्कला बरोक शैलीतला मठ पाहिला. १७०२ ते १७३६ या काळात बांधलेली पिवळी भव्य इमारत, नदीवरून पाहिली तर राजवाडाच वाटावी. तिथून क्रेम्सपर्यंतच्या छत्तीस किलोमीटर खोऱ्याला वाखाऊ म्हणतात. दोन्ही तीरांवर पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे आणि जर्दाळूंच्या बागा. २००० साली युनेस्कोने हे खोरे जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. आम्ही गेलो तेव्हा जर्दाळू तोडणीला आले होते आणि रस्त्याकडेला टोपल्या मांडून विकत होते.

त्या बागांमधूनच जात असताना झाडाच्या मुळाने रस्ता उखडलेला मला दिसला. त्या दिवशी मी रांगेत दुसरी होते. जर्मन शब्द आठवायला वेळ नव्हता. पन्नास वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली, "खड्डा!"

मागच्या मिशीवाल्यांनी क्षणाचाही विचार न करता ते मागे पोहोचवले, "कड्डा!" त्यांच्या मागून "कादा!", "काड्डा!" असे करीत तो शब्द आजीबाईंपर्यंत आणि शेवटच्या माणसापर्यंत गेला. डॅन्यूबच्या काठी तेरा जर्मन तोंडांतून आमचा पुणेरी खड्डा निघाला आणि तेराही सायकली तो चुकवून पार झाल्या. पुढे व्हिएन्नापर्यंत कुणीही दुसरा शब्द वापरला नाही.

त्या रात्री आम्ही एका मळेवाल्याच्या अंगणात जेवलो. दारावर पानांची डहाळी टांगली की त्याच्याकडे घरचे द्राक्षमद्य मिळते, असा तिकडचा संकेत. मी जर्दाळूचा रस घेतला. गोड म्हणून जे आले ते पाहून मला घरची आठवण झाली. जर्दाळूतली बी काढून तिथे साखरेचा खडा ठेवायचा, फळ उकडीसारख्या पारीत गुंडाळायचे, पाण्यात उकडायचे आणि लोण्यावर परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचे. कळ्या नसलेला मोदकच तो.

तेवढ्यात मळेवाला आला आणि आपल्या अस्सल बोलीत दोन मिनिटे काहीतरी बोलून हसत निघून गेला. आमचे टेबल चिडीचूप. ऑस्ट्रियातही भाषा जर्मनच, पण बटाट्याला, टोमॅटोला, जर्दाळूलासुद्धा तिकडे वेगळा शब्द, आणि खेड्यातली बोली तर उत्तरेकडच्या जर्मनांना मुळीच पचत नाही. अगदी आपल्याकडे पुण्याच्या माणसाला मालवणात होते तसेच. मी संधी सोडली नाही. मोठ्याने विचारले, "वास हाट एअर गेझाग्ट?"

मिशीवाल्यांनी दोन्ही हात वर केले. "काइने आनुंग!" म्हणजे, देव जाणे! त्यावर जे हसणे उसळले त्यात मी पहिल्यांदाच बरोबर वेळेवर हसले.

पुढचे दोन दिवस सुखाचे गेले. ड्युर्नश्टाइनच्या पडक्या किल्ल्यात ११९२ च्या हिवाळ्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड कैदेत होता. त्याचा भाट किल्ल्याकिल्ल्याखाली उभा राहून एक गाणे म्हणे, आणि इथे वरून दुसरे कडवे ऐकू आले तेव्हा राजा सापडला, अशी दंतकथा आहे. आजीबाईंनी खालून तान घेतली, मिशीवाल्यांनी झाडामागून उत्तर दिले आणि मला दंतकथा कळली. सातव्या दिवशी व्हिएन्नाच्या पुलापाशी किलोमीटरचा आकडा १९२९ च्या आसपास आला आणि सहल संपली. स्टेशनवर माझी गाडी हलली तेव्हा फलाटावरून एकच आरोळी आली, "कड्डा!"

पोळ्यांचे रहस्य

म्युनिकला सूनबाई घ्यायला आली होती. "मग, काय म्हणाले सगळे?" तिने मराठीत विचारले. आता तिचे मराठी माझ्याइतकेच चांगले आहे. मला एकदम उत्तर देता येईना.

रात्री स्वयंपाकघरात भांडी पुसताना मी विषय काढला. म्हटले, "चिठ्ठीतल्या पाचव्या वाक्याखाली दोन रेघा का होत्या, ते मला दुसऱ्या दिवशीच कळलं. आणि आपण तुला काय उत्तर देत होतो, तेही आठवलं. चुकलं माझं."

ती थोडा वेळ ताटली पुसत राहिली. "पहिले सहा महिने मी हसायची वेळ शिकले," ती म्हणाली. "विनोद नाही, फक्त वेळ."

"आणि मग?"

"मग मी पोळ्या आणायला जाऊ लागले."

मला अर्थ कळला नाही. तेव्हा तिने सांगितले. जेवणाच्या वेळी आत पोळ्या करणाऱ्या मावशी असत. त्यांना बाहेरचे सगळे ऐकू येई. ही पोळ्या आणायला आत गेली की त्या लाटणे हातात धरून, सावकाश, नकलांसकट, तिला सगळे पुन्हा सांगत. काका कोण, त्यांची काय फजिती झाली, त्यात हसण्यासारखे काय. "मला मराठी मावशींनी शिकवलं, आई. म्हणून मी तीन-तीन वेळा पोळ्या आणायला उठत होते."

आणि मी सोसायटीभर सांगत होते की सून कामसू आहे!

या दिवाळीला मुलगा आणि सूनबाई पुण्याला येणार आहेत आणि त्यांच्याबरोबर कोइमतूरहून आमच्या विहीणबाई. त्यांना तमिळखेरीज दुसरी भाषा येत नाही. नरक चतुर्दशीचे पहाटेचे अभ्यंगस्नान त्यांच्याकडेही आपल्यासारखेच असते आणि मुरुक्कू आणि चकली यांची ओळख करून देण्याची गरज नाही. पण फराळाला बसल्यावर आमचे घर बोलके आहे ते आहेच. म्हणून मी सूनबाईकडून पाच तमिळ वाक्ये देवनागरीत लिहून घेतली आहेत आणि रोज सकाळी सायकलवरून जाताना पाठ करते. पाचवे आहे, ‘एन्न सोन्नांग?’ म्हणजे, काय म्हणाले? हे वाक्य विहीणबाई विचारतील तेव्हा मला कळले पाहिजे. धाकट्याला ताकीद दिली आहे की या वेळी नावे पाडायची नाहीत. विहीणबाईंच्या शेजारची जागा माझी, आणि ताटाजवळ कागद-पेन्सिल ठेवायची असे ठरले आहे.

मावशींनाही निरोप धाडला आहे. त्या दिवशी त्यांनी यायचे आहे ते पोळ्या करायला नव्हे, पंक्तीला. विहीणबाईंच्या दुसऱ्या बाजूला त्यांचे पान मांडणार आहे.